‘पोट भरलेल्या माणसाचा सल्ला’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

स्वतःच्या पैशावर कंपनी वाढवण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. बाहेरचे भांडवल न घेतलेल्या नव्या कंपनीने काही रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय मोठ्या ग्राहकाचे काम हाती घेऊ नये, असे मी लिहिले होते. त्यावर आपण म्हणता, ‘नवख्याला आगाऊ मागता येत नाही, असे सल्ले पोट भरलेल्या माणसालाच सुचतात.’ मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ज्याच्याविषयी आपल्याला काहीही ठाऊक नाही, त्याच्या पोटापर्यंत जायचे, आणि तेही टोपणनावाने, याला काय म्हणावे?

आपली एक दुरुस्ती मान्य आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे पैसे मिळण्याची मुदत ४५ दिवस, असे मी सरसकट लिहिले होते. ती लेखी करार असतानाची कमाल मर्यादा आहे. करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. लेखात तसा बदल केला आहे.

आता पोटाविषयी. २०१८ साली आमची कंपनी म्हणजे निगडीतील भाड्याची एक खोली, मी आणि दोन तरुण सहकारी. एका मोठ्या कारखान्याच्या स्टोअरसाठी आम्ही सॉफ्टवेअर करून दिले आणि सहा लाखांचे बिल लावले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख ८ हजार. हा कर ग्राहकाकडून पैसे आल्यावर भरायचा नसतो; बिल ज्या महिन्यातले, त्याच्या पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत तो तेव्हा भरावा लागे, नाहीतर वार्षिक १८ टक्क्यांनी व्याज चढे. आमचा जवळजवळ सगळा खर्च पगारांचा, आणि पगारावर जीएसटी नसल्यामुळे वजा करून घ्यायला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर आधीच भरलेला जीएसटीही नव्हता. वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतील मुदत ठेव मोडून मी तो कर भरला.

पुढे चार महिने मी त्या कारखान्यात खेटे घातले. गेटवर सुरक्षारक्षक दर वेळी मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावायचा. जुना नीट निघत नसे, त्यावरच नवा बसे. आत कधी ‘सर्व्हिस एंट्री (काम झाल्याची नोंद) झालेली नाही’, कधी ‘पीओमधला (खरेदी आदेशातला) लाइन आयटम चुकला आहे’, कधी ‘साहेब रजेवर आहेत’. १३७ व्या दिवशी पैसे आले, तेही तेव्हाच्या दराने १० टक्के टीडीएस (आयकरापोटी आधीच होणारी कपात), म्हणजे साठ हजार, कापून. ते परताव्याच्या रूपाने पुढच्या वर्षी मिळाले. बिलाचे पैसे येईपर्यंत दोन पगार लांबले होते आणि एक सहकारी सोडून गेला होता. त्याला मी दोष देत नाही, त्याच्या घराचे हप्ते होते. आमच्या हातातली सर्वांत मोठी ऑर्डर पूर्ण झाली आणि त्याच काळात कंपनी बंद करण्याचा विचार आम्ही सर्वांत गंभीरपणे केला. तुम्ही ज्याला भरलेले पोट म्हणता, ते हे.

आगाऊ मागता येत नाही, हे तुम्ही मागून पाहिल्यावर लिहिले आहे का? खरेदी विभाग बहुतेक वेळा ‘आमच्याकडे ॲडव्हान्सची पद्धत नाही’ असेच सांगतो. तेव्हा कामाचे चार टप्पे पाडावेत, प्रत्येक टप्प्याचे वेगळे बिल लावावे आणि आधीचे पैसे जमा झाल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू करणार नाही, हे पीओमध्येच लिहून घ्यावे. सेवेच्या आगाऊ रकमेवरही जीएसटी लागतो, हे खरे. पण तो हातात आलेल्या पैशांतून भरला जातो, वडिलांच्या ठेवीतून नव्हे. ही अट घातल्यावर पहिल्या पाच ग्राहकांपैकी दोघे निघून गेले, तिघे राहिले. त्या तिघांवर आम्ही उभे राहिलो.

शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) आले. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाची रक्कम वर सांगितलेल्या मुदतीत दिली नाही, तर ज्या वर्षी ती प्रत्यक्ष दिली जाईल त्याच वर्षी ग्राहकाला तिची वजावट मिळते. त्यामुळे ग्राहकाचा चार्टर्ड अकाउंटंटच मार्चमध्ये अशी बिले शोधतो. त्याच्या नजरेस पडावे म्हणून आपला उद्यम क्रमांक, म्हणजे लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक, बिलावर छापून घ्यावा. बिल लावणारा निव्वळ व्यापारी असेल, तर मात्र ही तरतूद लागू नाही.

माझ्या लेखातील शेअर दलाली कंपनी झेरोधा आणि सॉफ्टवेअर कंपनी झोहो हे अपवाद आहेत, हा आपला आक्षेप मी सोडून देतो. बाहेरच्या भांडवलाशिवायही कंपनी मोठी होऊ शकते, एवढ्यापुरतीच ती उदाहरणे होती. सहा महिन्यांच्या खर्चाची शिल्लक ठेवण्याचा माझा सल्ला आपल्याला ‘पुस्तकी’ वाटतो, तर वाटो. मात्र पोटाविषयीचे ते वाक्य आपण मागे घ्यावे, एवढी अपेक्षा आहे. बाकीची प्रतिक्रिया मी आहे तशीच ठेवली आहे.