तुपातून गोळी? आधी हे वाचा

पंचवटीतल्या आमच्या औषध दुकानात गेल्या आठवड्यात तीन गिऱ्हाइकांनी मोबाइलवर एकच मेसेज दाखवला: 'यकृताच्या कर्करोगाची सोराफेनिब गोळी पाण्यात विरघळत नाही, निम्मी वाया जाते. कुटून, तूप घातलेल्या गरम दुधातून घ्या, वर हळद-मिरी. दुप्पट लागू पडते.'

पहिला भाग बराचसा खरा आहे, आणि गोची तिथेच आहे. हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. हेच औषध द्रवरूपात (द्रावण) घेण्याच्या तुलनेत गोळीतून ३८ ते ४९ टक्केच रक्तात पोहोचतं. पण ही तूट हिशोबात धरलेली आहे. ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा हा डोस याच गोळीवरच्या चाचण्यांतून ठरलाय.

तूप घातलं तर उलटंच होतं. भरपूर तेलकट जेवणासोबत शोषण उपाशीपोटीपेक्षा २९ टक्क्यांनी घटतं. म्हणून जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी. गंमत म्हणजे हिच्याच नात्यातली रेगोराफेनिब कमी तेलाच्या हलक्या जेवणासोबत घ्यायची असते. एकीचा नियम दुसरीला लावू नका.

कुटण्याचं म्हणाल, तर द्राक्षबागायतदारांना लगेच कळेल. द्राक्षावरच्या भुरी या बुरशीवर मारायचं गंधकही पाण्यात विरघळत नाही. कारखान्यात ते इतकं बारीक केलेलं असतं, की पाण्यात पसरून राहतं. तेच घरी खलबत्त्यात कुटून पंपात टाकलं, तर नोझल चोकअप! औषधांतही कण काही मायक्रॉनपर्यंत दळणं, पॉलिमरमध्ये (लांब साखळीच्या रेणूंच्या पदार्थात) विखुरणं, नॅनोकणांत बसवणं यावर काम चालू आहे. पण शोषण वाढलं की डोस नव्यानं ठरवावा लागतो, नाहीतर तळहात-तळपाय सोलणं, जुलाब, रक्तदाब हे सगळं वाढेल. शिवाय ही भुकटी घरात उडवू नये, गरोदर बाई असेल तर मुळीच नाही.

हळद-मिरीमागे १९९८चा बंगळूरचा अभ्यास आहे: मिरीतल्या पायपरीनमुळे हळदीतल्या कर्क्युमिनचं शोषण वीसपट वाढलं. कारण पायपरीन औषधं मोडणारी यंत्रणा आवरतं, आणि सोराफेनिबही यकृतातच मोडतं, म्हणून त्याचाही हिशोब बिघडू शकतो. हळदीच्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आमटीतली हळद खुशाल चालू द्या.

तिघांतल्या एक मावशी म्हणाल्या, "मग भाऊ, ह्यांना गोळी देऊ कधी?" नाश्ता आठला असेल, तर सातच्या आत, साध्या पाण्यासोबत.