एंटर दाबून पान बदलणं थांबवा!

वर्डमधला दोनशे पानांचा दस्तऐवज, आणि नवं प्रकरण नव्या पानावर न्यायला काय केलेलं असतं? सतरा वेळा एंटर! वर दोन ओळी वाढल्या की शीर्षक दोन ओळी खाली घसरतं, मग पुढची सगळी प्रकरणं तशीच. अहो, कंट्रोल-एंटर आहे ना! त्याहून बरं म्हणजे 'हेडिंग १' या स्टाइलच्या (शीर्षकासाठीच्या तयार मांडणीच्या) परिच्छेद सेटिंगमध्ये 'पेज ब्रेक बिफोर'वर एकदा खूण करा. प्रत्येक प्रकरण आपोआप नव्या पानावर जातं.

अनुक्रमणिकाही हाताने, टिंबं टाइप करून. शीर्षकांना स्टाइल दिली असती तर तीच यादी वर्डने बनवली असती आणि एफ-९ दाबून आकडे ताजे झाले असते. ठळक आणि मोठं केलेलं अक्षर म्हणजे शीर्षक नव्हे, वर्डला ते साधा मजकूरच वाटतं.

मग फाइल बिघडते आणि धावाधाव. आधी 'ओपन'शेजारच्या बाणातून 'ओपन अँड रिपेअर' करून बघा. नाहीच जमलं तर सगळा मजकूर नव्या फाइलमध्ये न्या, पण शेवटचं परिच्छेदचिन्ह (परिच्छेद संपल्याची ¶ ही खूण) सोडून! बिघाड बऱ्याचदा तिथेच दडलेला असतो. ते सोडून मजकूर निवडायला कंट्रोल-होम, कंट्रोल-शिफ्ट-एंड, मग शिफ्ट धरून डावा बाण एकदा. सेक्शन ब्रेक (दस्तऐवजाचे विभाग पाडणाऱ्या खुणा) असतील तर तेही उचलू नका, त्यांच्या मधला मजकूर तेवढा घ्या; त्यांच्यातूनही बिघाड सोबत येतो. सरसकट कंट्रोल-ए करून चिकटवलंत, तर तोच रोग नव्या फाइलमध्ये!