लाल टॅग नसलेले रिजेक्शन

गेल्या शनिवारी बापू ठाण्याच्या तलावपाळीवरच्या आमच्या कट्ट्यावर आला तोच हातात फोन घेऊन, आणि बसण्याआधीच त्याने आम्हाला दोन जाहिराती वाचून दाखवल्या. पहिली सहा आठवड्यांपूर्वीची होती: वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याला क्वालिटी मॅनेजर हवा होता आणि अनुभव किमान १५ वर्षांचा मागितला होता. दुसरी जाहिरात आदल्याच दिवशीची, त्याच कारखान्याची आणि त्याच पदासाठी होती, परंतु अनुभवाची अट आता ८ ते १२ वर्षांची झाली होती. या दोन जाहिरातींच्या मधल्या काळात बापूच्या तीन मुलाखती झाल्या होत्या आणि ‘आपल्या अनुभवाला साजेशी जागा सध्या उपलब्ध नाही’ अशा एका ओळीच्या मेलवर त्याची बोळवण करण्यात आली होती. बापूचे वय ५१ आहे.

कट्ट्यावरची टोपणनावेच येथे वापरतो आहे. खरी नावे कळून वाचकांचा काही फायदा नाही आणि आमचा मात्र तोटा होऊ शकतो. बापू २७ वर्षे कारखान्यांच्या क्वालिटी विभागात होता आणि गेल्या दिवाळीनंतर त्याच्या कंपनीने तो विभागच दुसऱ्या राज्यातल्या प्लँटमध्ये हलवला. शेठचे वागळे इस्टेटमध्ये सीएनसी मशिनांचे छोटे वर्कशॉप आहे. वकील कामगार न्यायालयात वकिली करतो. ताई आमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी असून तिचे सारे आयुष्य एचआरमध्ये गेले आहे. मी सरकारी बँकेत आहे, म्हणजे तेविसाव्या वर्षी एक परीक्षा दिली आणि त्यानंतर नोकरी शोधण्याची वेळ आलीच नाही, हे आधीच सांगून टाकतो.

“मला वयामुळेच नाकारले आहे,” बापू म्हणाला. तिसऱ्या मुलाखतीत ज्याच्या हाताखाली काम करायचे तो अधिकारी समोर होता. तो साधारण छत्तीस-सदतीसचा असावा. त्याने प्रक्रियेविषयी, तपासणीविषयी, ग्राहकांच्या तक्रारींविषयी जवळजवळ काहीच विचारले नाही. विचारले ते एवढेच की आमची टीम तरुण आहे, तुम्हाला जुळवून घेता येईल ना.

शेठला हा पुरावा मुळीच पटला नाही. त्याच्या मते कारखानदार वय पाहत नाही, पगार पाहतो. बापूचा शेवटचा पगार दरमहा एक लाख चाळीस हजार होता, आणि दहा वर्षांच्या अनुभवाचा मुलगा त्याच्या निम्म्यात मिळत असेल, तर मालकाने त्याला घेणे हा भेदभाव नव्हे, हिशेब आहे. “उद्या तीस वर्षांच्या मुलाने एक लाख चाळीस हजार मागितले तर त्यालाही मी नकोच म्हणेन,” असे तो म्हणाला, आणि बोलणे येथेच संपायला हरकत नव्हती. पण बापूने सांगितले की दुसऱ्या मुलाखतीत आपण स्वतःहून वीस टक्के कमी पगारावर यायची तयारी दाखवली होती.

“तिथेच तू फसलास,” ताई म्हणाली. तिने जे सांगितले ते मला नवे होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. नोकरीच्या संकेतस्थळावर एखाद्या जागेसाठी शेकड्यांनी बायोडेटा येतात आणि ते सगळे कोणी वाचत बसत नाही. अनुभवाची वर्षे, सध्याचा पगार आणि पदवीचे साल यांची चाळणी लावून पहिली यादी निघते. ‘वय’ हा शब्द त्यात कुठेच नसतो. अनुभवाची कमाल मर्यादा पंधरा वर्षे घातली की चाळिशीच्या वरचे बहुतेक जण आपोआप गळतात. जो कोणी ही चाळणी चुकून पार करतो त्याच्यापुढे मग असे प्रश्न येतात, ज्यांना बरोबर उत्तरच नसते. जुना पगार मागितला तर तो परवडत नाही. कमी पगार चालेल म्हटले तर माणसात काहीतरी खोट असली पाहिजे, किंवा दुसरीकडे जास्त मिळताच हा सोडून जाईल, अशी टीप त्याच्या नावापुढे लागते. मोठ्या पदावरून लहान पदावर यायला तयार झालात तर ‘हा साहेबाला शिकवत बसेल’ अशी शंका घेतली जाते. “आणि या साऱ्या टिपा तूच लिहीत होतीस,” वकील म्हणाला. ताईने ते नाकारले नाही. तिने स्वतः अशा याद्या केल्या आहेत, आणि विभागप्रमुख फोनवर ‘जरा एनर्जेटिक माणूस बघा’ असे म्हणाला की त्याचा अर्थ पुन्हा विचारावा लागत नसे, असे ती म्हणाली.

बापूने आता वकिलाकडे मोर्चा वळवला. कायद्यात काही असेलच की! वकिलाने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि सांगितले की संविधानाच्या १५ व्या आणि १६ व्या अनुच्छेदांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान अशी कारणे नावानिशी दिलेली आहेत, पण त्यांत वय नाही. शिवाय सरकारी नोकरीतील समान संधीची ती हमी खासगी कारखान्याच्या मालकाला लागू होत नाही. खासगी नोकरीत वयावरून उमेदवाराला नाकारू नये असे सांगणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘शेवटी आलेला आधी जाईल’ असे कपातीचे तत्त्व होते, आणि जुन्या माणसाच्या बाजूने उभे राहणारे आपल्याकडचे ते जवळजवळ एकमेव तत्त्व म्हणता येईल. पण ते कामगारांसाठी होते, मॅनेजरांसाठी नव्हे. आणि जो माणूस अजून आतच गेलेला नाही त्याला तर त्याचा काहीच उपयोग नाही.

मग त्याला एअर इंडियाचा खटला आठवला. त्या काळी हवाई सुंदरींना पस्तिसाव्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास, किंवा पहिल्या गरोदरपणात निवृत्त व्हावे लागे, आणि त्याच विमानात काम करणाऱ्या पुरुष कर्मचाऱ्यांना मात्र अठ्ठावन्न वर्षांपर्यंत राहता येत असे. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या लढ्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये गरोदरपणाची अट रद्द केली, आणि पस्तिशीनंतर मुदतवाढ द्यायची की नाही हे व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर सोपवणारी तरतूदही रद्द केली. चार वर्षांच्या आत लग्न न करण्याची अट मात्र न्यायालयाला वाजवी वाटली. ताईने यावर जे मत दिले ते येथे छापण्याजोगे नाही. वकिलाचे म्हणणे एवढेच होते की तिथे नियम लेखी होता आणि महामंडळ सरकारी होते, म्हणून त्याला न्यायालयात खेचता आले. बापूच्या हातात मात्र एक ओळीचा मेल आहे.

ठाण्यात अडचण आली की आमचा वकील अमेरिकेला जातो, तसा तो याही वेळी गेला. तिथे चाळिशी आणि तिच्या पुढच्या माणसांना नोकरीत वयावरून डावलू नये असा कायदा १९६७ पासून आहे. बापूचा चेहरा उजळला. पण १९९३ मध्ये त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की सेवेची वर्षे आणि वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: निवृत्तिवेतनाचा हक्क लागू होण्याच्या तोंडावर बासष्ट वर्षांच्या माणसाला काढणे अन्य कायद्याने चुकीचे ठरू शकते, परंतु तेवढ्यावरून त्याला वयामुळे काढले असे सिद्ध होत नाही. “म्हणजे माझेच म्हणणे,” शेठ मांडीवर थाप मारून म्हणाला.

“तुझे अर्धेच म्हणणे,” वकील म्हणाला, आणि त्याने आयट्यूटरग्रुप नावाच्या कंपनीचे प्रकरण सांगितले. ही कंपनी चीनमधल्या विद्यार्थ्यांना ऑनलाइन इंग्रजी शिकवण्यासाठी अमेरिकेतले शिक्षक नेमत असे. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये पंचावन्न आणि त्यापुढच्या स्त्रिया व साठ आणि त्यापुढचे पुरुष आपोआप नाकारले जातील अशी सोय करून ठेवली होती, असा तिथल्या सरकारी आयोगाचा आरोप होता. २०२३ मध्ये कंपनीने आरोप मान्य न करता ३ लाख ६५ हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवले. हे उघडकीस आले कसे? नाकारल्या गेलेल्या एका उमेदवाराने तोच अर्ज फक्त जन्मतारीख बदलून पुन्हा पाठवला, आणि त्या तरुण अर्जाला मुलाखतीचे बोलावणे आले.

कट्ट्यावर क्षणभर शांतता पसरली, आणि मग सगळे एकदम बोलू लागले. ताईचे म्हणणे होते की बापूनेही बायोडेटामधून पदवीचे साल आणि पहिल्या दोन नोकऱ्या काढून टाकाव्यात. वकिलाने बजावले की खोटी जन्मतारीख लिहिलीस तर पुढे त्याच कारणावरून तुला काढतील. न लिहिणे आणि खोटे लिहिणे यांत फरक आहे, तो सांभाळ. बापूला दोन्ही नको होते. त्याच्या पहिल्या दोन नोकऱ्यांतच तो काम शिकला, आणि त्या वगळायच्या म्हणजे त्याच्या मते ड्रॉइंगवरची मापे खोडून पार्ट पाठवण्यासारखे होते.

मग बापू जे बोलला त्यामुळे मला हे सगळे लिहून काढावेसे वाटले. तो म्हणाला, की मी आयुष्यभर रिजेक्शनच केले आहे. माप बरोबर की चूक एवढेच सांगणाऱ्या गो-नो-गो गेजमध्ये पार्ट बसला नाही की तो बाजूला काढायचा, पण त्याला लाल टॅग लागतो, आणि त्या टॅगवर कोणते माप चुकले, कितीने चुकले, कोणत्या गेजने पाहिले आणि कोणी पाहिले हे लिहून सही करावी लागते. टॅगशिवाय पार्ट परत पाठवला तर पुरवठादार भांडायला येतो, आणि त्याचे बरोबर असते. शिवाय ते गेज कधी कॅलिब्रेट केले होते, म्हणजे त्याचेच माप कधी तपासले होते, ते विचारण्याचाही त्याला अधिकार असतो, कारण झिजलेले गेज चांगला पार्टसुद्धा नाकारते. “मी पगारामुळे नको आहे, वयामुळे नको आहे की खरोखरच मला काम येत नाही, यांतले काहीही असो. मला टॅग हवा आहे. टॅग नसेल तर मी वयच धरणार. दुसरे माझ्याकडे धरायला काय आहे?”

मला हे पटले, आणि शेठला का पटले नाही तेही मला कळले. नकाराचे कारण लिहून द्यावे लागले तर बहुतेक मालकांना हिशेबाच्या पलीकडचे काहीतरी लिहावे लागेल. मात्र बापूच्या बाजूने बोलताना मला माझ्याच टेबलाची आठवण होत होती. गृहकर्जासाठी कोणी समोर बसले की पगाराच्या आधी मी जन्मतारीख पाहतो, कारण पगारदार माणसाच्या हप्त्यांची वर्षे त्याच्या निवृत्तीच्या वयावरून मोजायची असतात. तिथे कोणाला संशय येत नाही, कारण नियम छापलेला असतो. आमच्या बँकेच्या भरतीतही वयाची कमाल मर्यादा छापलेली असते. राज्य सरकारने आपल्या नोकऱ्यांत खुल्या गटासाठी ती २०१६ मध्ये ३३ वरून ३८ केली तेव्हा लोकांनी आनंदच व्यक्त केला. एकोणचाळीस वर्षांच्या माणसावर अन्याय होतो असे म्हणायला कोणी कट्ट्यावर आले नाही. छापलेला नियम अधिक न्याय्य असतो असे मी म्हणत नाही. त्यात माणूस रात्री जागून आपले काय चुकले ते शोधत बसत नाही, इतकेच.

शेठ मुद्द्यावर ठाम होता. बापूला अजून काही वर्षांनी पेन्शन सुरू होईलच, तोवर सल्लागार म्हणून काम कर, असे त्याने सुचवले. हा हिशेब माझ्या खात्यातला असल्याने मी तो करून दाखवला. भविष्य निर्वाह निधीची पूर्ण पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू होते. पन्नाशीनंतर आधी घेता येते, पण आधीच्या प्रत्येक वर्षासाठी चार टक्के कपात होते. पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या पंधरा हजारांच्या कमाल पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणून सत्तरने भागायचे, म्हणजे सत्तावीस वर्षांनंतरही पूर्ण पेन्शनचा आकडा फार तर सहा हजारांच्या आसपास पोहोचतो. बापूच्या मुलीच्या इंजिनिअरिंगची अजून दोन वर्षे बाकी आहेत. यावर शेठ काही बोलला नाही.

शेवटी मेल लिहायचे ठरले. बापूच्या पहिल्या मसुद्यात ‘वयावरून झालेला भेदभाव’ असे शब्द होते. सिद्ध करता येणार नाही ते लिहू नकोस म्हणून वकिलाने ते काढायला लावले. ताईने ‘नम्र विनंती’ घातली आणि बापूने ती खोडली. राहिले ते एवढेच: ‘पहिल्या जाहिरातीतील अटींपैकी कोणत्या निकषावर मी अपात्र ठरलो आणि दुसऱ्या जाहिरातीत अनुभवाची अट का बदलली, हे कृपया कळवावे.’ उत्तर येणार नाही यावर, बऱ्याच वर्षांनी, आमचे एकमत झाले. बापूने मेल पाठवला.

उठता उठता ताईने शेठला विचारले, की तुझ्याकडे क्वालिटीला माणूस हवा होता ना, ती जाहिरात दाखव पाहू. शेठने थोडे आढेवेढे घेऊन फोन पुढे केला. ‘वय २५ ते ३५’ असे त्यात दुसऱ्याच ओळीत लिहिले होते. कन्सल्टन्सीतल्या मुलीने परस्पर घातले असेल, असे तो म्हणाला. बापूने फोन हातात घेऊन ती जाहिरात शेवटपर्यंत वाचली, मायक्रोमीटरचे स्पेलिंग चुकल्याचे त्याला दाखवले आणि फोन परत दिला. चहाचे पैसे त्या दिवशी शेठने दिले. ती दुसरी ओळ मात्र त्याने आमच्यासमोर तरी खोडली नाही.