खुलासा : मेस्त्रीने हात लावला की वॉरंटी गेली?

मालवण-कुडाळकडच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय : ‘नवीन गाडी शोरूमबाहेर कुणालाही उघडू दिली, की सगळी वॉरंटी रद्द.’ सरसकट असं नाही.

बाजारात कंपन्यांची मनमानी चालू नये हे बघणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ कारकंपन्यांना बजावलं, की केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून वॉरंटी रद्द, अशी सरसकट अट घालू नका. बाहेरच्या चुकीच्या कामामुळेच बिघाड झाला असेल, तर तेवढ्यापुरती नाकारता येते. कंपन्या याविरुद्ध वर दाद मागायला गेल्या, हेही खरं. त्यामुळे वॉरंटीत असेपर्यंत ठरलेलं सर्व्हिसिंग मी कंपनीतच करतो. पण नाक्यावरच्या मेस्त्रीने वायपर नाहीतर ब्रेक पॅड बदलले, म्हणून इंजिनाची वॉरंटी कशी जाईल? पक्कं बिल मात्र जपा.

आणि शोरूम म्हणजे गंगेचं पाणी नव्हे. खाऱ्या हवेची भीती घालून एका सर्व्हिस सेंटरने माझ्याकडून अंडरबॉडी कोटिंगचे पैसे घेतले. गाडीखाली वाकून पाहिलं तर गंज जसाच्या तसा! तेव्हापासून जॉबकार्डावर प्रत्येक काम लिहून घेतो, बदललेले जुने पार्ट डिकीत टाकून आणतो.