साडेसातशेची सनद आणि आपली स्वायत्तता

गेल्या दोनेक वर्षांत आमच्या वकिलांच्या बार रूममध्ये ज्या विषयावर सगळ्यात जास्त चहा संपला तो म्हणजे बार कौन्सिल. लिहायचं टाळत होतो, एक तर घरातलं भांडण चव्हाट्यावर कशाला आणायचं आणि दुसरं म्हणजे कौन्सिलच्या निवडणुकीचं वारं असलं की साध्या वाक्याचाही "हा कुणाचा माणूस" असा अर्थ काढतात. मी कुणाचाच नाही. तालुका कोर्टात बावीस वर्षं दिवाणी काम करतोय, वाटपाचे दावे, बांधाची भांडणं, वहिवाट, कधीतरी जिल्ह्याला अपील. तेवढ्यावरून जे वाटतं ते लिहितो, चुकलं तर खाली कमेंटमध्ये हाणा.

वकील नसलेल्या मित्रांसाठी आधी थोडं. नुसती एलएलबी झाली म्हणजे वकील होत नाही, राज्याच्या बार कौन्सिलकडून सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घ्यावी लागते. वकिलाची तक्रार करायची तरी त्याच कौन्सिलकडे करायची, आणि तिची शिस्तपालन समितीसुद्धा वकिलांचीच. वर दिल्लीत बार कौन्सिल ऑफ इंडिया. हे सगळं १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने उभं केलं, म्हणजे जन्म संसदेने दिला. ही गोष्ट आमचे लोक सोयीने विसरतात. भाषणात असं बोलतात की जणू बार कौन्सिल स्वयंभू आहे, कुठल्या तरी डोंगरावर सापडलेली मूर्ती.

फीचं घ्या. कायद्यात आकडा स्पष्ट लिहिलाय, कलम २४. राज्य कौन्सिलला ६०० रुपये, बार कौन्सिल ऑफ इंडियाला १५०, झाले साडेसातशे. एससी एसटीच्या मुलांना १०० आणि २५. हे आकडे १९९३ च्या दुरुस्तीतले. आणि प्रत्यक्षात वेगवेगळ्या राज्यांत मुलं भरत होती पंधरा हजारांपासून ते बेचाळीस हजारांपर्यंत, कशाकशाच्या नावाखाली तर लायब्ररी फंड, बिल्डिंग फंड, वेल्फेअर, आयडी कार्ड, व्हेरिफिकेशन. कायदा शिकून आलेला पोरगा आयुष्यातली पहिली पावती घेतो ती कायद्यात नसलेल्या रकमेची! शेवटी ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने गौरव कुमार केसमध्ये सांगितलं की संसदेने ठरवलेल्या रकमेपेक्षा एक रुपया जास्त घेता येणार नाही, समानतेच्या आणि व्यवसाय करायच्या हक्काच्या विरुद्ध आहे हे. आधी भरलेले मात्र परत नाहीत, निकाल पुढच्यांसाठी.

निकाल मला पटला. पण तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड साहेबांचा निकाल आला म्हणून पेढे वाटणाऱ्यांना मी तेव्हाही विचारलं होतं की बाबांनो, १९९३ पासून २०२४ पर्यंत संसद काय करत होती? एकतीस वर्षं साडेसातशेला हात नाही लावला. १९९३ ला एसटीचं तिकीट किती होतं आणि आज किती आहे बघा. कौन्सिलला स्टाफ आहे, कमिट्यांच्या सुनावण्या आहेत, डिग्र्या तपासायच्या आहेत, हे साडेसातशेत कसं भागणार? भागत नाही म्हणून मागच्या दाराने फंड निघाले, आणि मागच्या दाराला मोजमाप नसतं, म्हणून कुठे पंधरा तर कुठे बेचाळीस. ज्याने आकडा ठरवायचा तो झोपला म्हणून ज्याने घ्यायचा त्याने स्वतःच ठरवला. दोघंही दोषी. मी तर म्हणतो झोपणारा थोडा जास्त.

माझ्या ज्युनिअरने निकालानंतर सनद घेतली. खुश होता. मग ऑल इंडिया बार एक्झामचा फॉर्म उघडला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, सनदेला साडेसातशे आणि परीक्षेला साडेतीन हजार?" मी म्हटलं फॉर्म भर, आर्ग्युमेंट नंतर कर.

या परीक्षेची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. मूळ १९६१ च्या कायद्यात सनदेआधी ट्रेनिंग आणि परीक्षा होती. १९७३ ला संसदेने ती काढून टाकली. बरं. १९९५ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने स्वतःच्या नियमांनी वर्षभराचं ट्रेनिंग परत आणलं. १९९९ मध्ये व्ही. सुदीर केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, संसदेने जे काढलं ते तुम्ही नियमाने परत आणू शकत नाही. नियम गेले. २०१० मध्ये कौन्सिलने परीक्षा आणली, ती आधी नाही तर सनदेनंतर. त्यावर वाद होऊन प्रकरण घटनापीठाकडे गेलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की कौन्सिलला हा अधिकार आहे, सुदीरचा निकाल बरोबर नव्हता, परीक्षा आधी घ्यायची की नंतर ते कौन्सिलने ठरवावं. मला परीक्षेबद्दल तक्रार नाही हो, व्हायलाच पाहिजे, बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचं नुसतं पुस्तक, समोर ठेवूनही ज्याला पास होता येत नाही त्याच्या हातात कुणाची जमीन का द्यायची. पण बघा ना, वकील कुणी व्हायचं हा साधा प्रश्न, आणि पन्नास वर्षं कौन्सिल आणि कोर्ट यांच्यात त्याचा टेनिसचा खेळ चाललाय. संसद १९७३ ला एकदा बोलली आणि प्रेक्षकांत जाऊन बसली.

असाच एक नियम होता की पंचेचाळीशीनंतर नव्याने सनद नाही. तोही १९९५ ला सुप्रीम कोर्टानेच उडवला. आज आमच्या कोर्टात रिटायर झालेले बँकवाले, एक माजी तलाठी, असे लोक सनद घेऊन बसतात आणि त्यातला तलाठी सात-बारा आमच्यापेक्षा दहापट भारी वाचतो. कौन्सिलचं चाललं असतं तर तो घरी बसला असता.

आता फेब्रुवारी २०२५ चं घ्या. कायदा खात्याने १३ तारखेला ॲडव्होकेट्स ॲक्टच्या दुरुस्ती विधेयकाचा मसुदा टाकला. त्यात बार कौन्सिल ऑफ इंडियावर केंद्राचे तीन नॉमिनेटेड मेंबर, कौन्सिलला आदेश द्यायचा केंद्राला अधिकार, आणि संप, बहिष्कार यावर बंदी. भडका उडाला, दिल्लीतल्या कोर्टांत काम बंद, बार कौन्सिल ऑफ इंडियानेही विरोधाचं पत्र दिलं आणि २२ तारखेला मसुदा मागे. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फटाक्यांचे इमोजी.

मीही त्या मसुद्याच्या विरोधात होतो, आजही आहे. सगळ्यात जास्त केसेस सरकारच्या विरोधात किंवा सरकारच्या असतात, जमीन संपादन असो, पोलीस असो नाहीतर महसूल. उद्या माझी सनद ज्यांच्या हातात त्यांच्यावर सरकारचा माणूस बसलाय म्हटल्यावर कलेक्टरच्या विरोधात उलटतपास घेताना जीभ जरा अडखळणारच. डॉक्टरांचं बघा, मेडिकल कौन्सिल बदनाम झाली हे खरं, पण तिच्या जागी २०२० मध्ये जे कमिशन आलं त्यात बहुतेक सगळे नेमलेलेच. आपल्यावरही ती वेळ येऊ शकते.

पण माझं म्हणणं लोकांना इथून पुढे खटकतं. सरकार नको म्हणजे संसदही नको असं होत नाही. सरकार म्हणजे मंत्री, सचिव, त्यांची फाइल. संसद म्हणजे विरोधी पक्षसुद्धा, कमिटीसुद्धा, जाहीर चर्चा आणि छापील रिपोर्टसुद्धा. आमच्याकडे या दोन्हीची भेसळ करून "स्वायत्तता" या एका शब्दाखाली सगळं झाकतात.

कायदा उघडून बघा. केंद्र सरकारने या ॲक्टखाली नियम केले तर ते दोन्ही सभागृहांसमोर ठेवावे लागतात, कलम ४९अ. पण बार कौन्सिल ऑफ इंडियाने कलम ४९ खाली नियम केले, जे तुमच्या आमच्या पोटापाण्यावर थेट येतात, ते सभागृहासमोर ठेवायची अट नाही. काही नियमांना सरन्यायाधीशांची मंजुरी लागते, एका प्रकारच्या नियमांना केंद्राची. खासदाराला ते बघायला मिळतीलच असं काही नाही. हिशोबाचं कलम १२ आहे, ऑडिट होतं, रिपोर्ट गॅझेटमध्ये छापायचाय, पण संसदेच्या पटलावर ठेवा असं त्यात लिहिलेलं नाही. आपल्या बारमध्ये हात वर करा, कौन्सिलचा ताळेबंद कुणी कुणी पाहिलाय? मीही नाही पाहिला, खोटं कशाला बोलू. आणि गंमत म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्ष मनन कुमार मिश्रा २०२४ पासून स्वतः राज्यसभेत खासदार आहेत, म्हणजे संसद आणि कौन्सिलमधलं अंतर एका खुर्चीइतकंच आहे, पण हिशोब काही त्या खुर्चीवरून पलीकडे जात नाही.

निवडणुकांचं तर काय बोलावं. कायद्यात मुदत पाच वर्षं, वाढवली तर सहा महिने. महाराष्ट्र गोव्याची निवडणूक झाली २०१८ ला. पाच मिळवा, किती होतात? मतदारांच्या डिग्र्यांचं व्हेरिफिकेशन चालू आहे या कारणावर देशभरात मुदती लांबत गेल्या, आणि २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला तारखा देऊन सांगावं लागलं की आता घ्या. बायकांना तीस टक्के जागा हेसुद्धा डिसेंबर २०२५ मध्ये कोर्टानेच सांगितलं. ग्रामपंचायतीत महिला आरक्षण १९९३ पासून. आमच्या गावच्या सरपंचबाई दुसऱ्यांदा निवडून आल्या तरी वकिलांच्या सर्वोच्च संस्थेला सुचलं नव्हतं.

तिकडे कॅलिफोर्नियात वकिलांच्या स्टेट बारची वार्षिक फी विधिमंडळाने कायदा केल्याशिवाय घेता येत नाही, आणि हा कायदा जवळपास दरवर्षीचा. १९९७ मध्ये गव्हर्नरने ते विधेयक अडवलं तर पुढच्या वर्षी स्टेट बारला बहुतेक स्टाफ घरी पाठवावा लागला. हे टोक झालं, इतकं मला नकोय. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये, म्हणजे आपला मसुदा आला त्याच महिन्यात, त्यांच्या बार परीक्षेत कॉम्प्युटर बंद पडले, मुलं रडली, मग प्रश्नांतले काही एआयच्या मदतीने बनवले होते असं निघालं, आणि आमदारांनी जाहीर सुनावणी लावली. आपल्याकडे पेपरचा घोळ झाला तर पोरगं ट्वीट करतं, नाहीतर हायकोर्टात रिट.

संपाबद्दल एक कबुली. काही वर्षांपूर्वी आमच्या बारने ठराव करून एक दिवस काम बंद ठेवलं, कारणही आता नीट आठवत नाही. हरीश उप्पल केस २००२ ची, वकिलांना संपाचा अधिकार नाही हे आम्हा सगळ्यांना पाठ. तरी मी बार रूममध्ये बसून राहिलो. माझे एक पक्षकार, सत्तरीचे, पहाटेच्या गाडीने आले होते, साक्ष होती त्यांची. दुपारी मी बाहेर जाऊन सांगितलं, आबा, पुढची तारीख पडली. ते म्हणाले "बरं, वकीलसाहेब, तुमचं काही अडचणीचं असंल." एवढंच. डबा उघडून जिन्यावर बसून जेवले आणि गेले. म्हणून मसुद्यातलं संपबंदीचं कलम वाचून ग्रुपवर जो संताप चालला होता त्यात मला काही टाइप करता आलं नाही.

तर मागच्या महिन्यात मी आमच्या खासदारांना पत्र लिहिलं. दोनच मागण्या. फी वाढवायची तर संसदेने खुलेपणाने वाढवा आणि दर काही वर्षांनी बघा, आणि कौन्सिलचे नियम व ऑडिट रिपोर्ट दोन्ही सभागृहांच्या पटलावर यावेत. कुणी सरकारी मेंबर बसवा असं नाही लिहिलं, उलट बसवू नका असं लिहिलं. तीन पानं झाली, ज्युनिअरने टाइप केली, स्पीड पोस्टाने पाठवली.

परवा पीएचा फोन आला. पत्र मिळालं म्हणाला, साहेबांपुढे ठेवलंय. मग जरा आवाज खाली करून विचारलं, "वकीलसाहेब, नक्की कुणाच्या बदलीचं काम आहे?"