साक्ष कशाची देऊ?

आमच्या कोल्हापूरच्या चर्चमधल्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या वाद पेटलाय. उपकारस्तुतीच्या उपासनेला परदेशी गेलेल्यांनी व्हिडिओवर साक्ष द्यावी, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगावं, असं तरुण संघानं सुचवलं. त्यावर एका ज्येष्ठ काकांनी लिहिलं, "देवानं दिलेल्यात समाधानी होता, तर गेलात कशाला?" झालं, दोन तट पडले. एकांच्या मते व्हिसा म्हणजे आशीर्वाद, दुसऱ्यांच्या मते हाव. मी चार वर्षं इंग्लंडात लीड्समध्ये नर्स आहे, त्यामुळे दोघांनाही उदाहरणाला मीच सापडते.

आशीर्वादवाल्यांचं मला जास्त खटकतं. पहिल्या हिवाळ्यात साडेबारा तासांची रात्रपाळी संपवून मी बसस्टॉपवर उभी असायचे, बोटं बधिर झालेली, आणि फोनवर आईला सांगायचे, "मजेत आहे गं." "मग आवाज का बसलाय?" याला माझ्याकडे उत्तर नसायचं. पगार मात्र महिन्याच्या महिन्याला खात्यात जमा. तेव्हा कुणी साक्ष मागितली असती तर काय सांगितलं असतं मी?

रविवारी इथं ज्या चर्चला जाते तिथं पंधरा-वीस डोकी, बहुतेक सत्तरी ओलांडलेली. हीटर बंद पडला की सगळे कोट घालूनच गातात. (आपल्याकडे प्रवचन लांबलं की लोक चुळबुळतात ते थंडीनं नव्हे, मटणाच्या दुकानातली रांग वाढते म्हणून!) ऑर्गन वाजवणारे आजोबा हमखास एक सूर चुकवतात. त्यांची बायको वृद्धाश्रमात आहे, ती त्यांना ओळखत नाही. उपासना झाली की ते बसला, सरकारला, हवेला मनसोक्त शिव्या घालतात, चहात बिस्किट बुडवून खातात आणि तिला भेटायला जातात. दर रविवारी. समाधानी माणूस कुरकुर करत नाही, ही माझी समजूत त्यांच्यामुळे गेली.

'मला सर्व शक्य आहे' हे बायबलमधलं प्रेषित पौलाचं वचन आपल्याकडे गाडीच्या काचेवर असतं. फिलिप्पैकरांच्या पत्रात त्याच्या जरा आधी तो म्हणतो की भुकेलं राहायला आणि पोटभर खायलाही मी शिकलोय. ते कुणी काचेवर लावत नाही. शिवाय हे त्यानं लिहिलं बेड्यांत असताना, मंडळीनं पाठवलेल्या मदतीचे आभार मानताना. मदत त्यानं घेतली, नाकारली नाही. 'शिकलो' म्हणतो, म्हणजे आधी येत नव्हतं. मला हा शब्दच धीर देतो. मी अजून शिकतेय, आणि बऱ्याचदा नापास होते.

आता काकांना. मिशनरी रॉयल वायल्डर साहेब 1852 मध्ये कोल्हापुरात आले, ते अमेरिकेत असमाधानी होते म्हणून का? उठून जाण्याचा आणि समाधानाचा हिशेब असा एका ओळीत लागत नाही. तरी काकांचा प्रश्न मला पूर्ण झटकता येत नाही. मी आले त्यात घराच्या हप्त्यांचाही वाटा होता आणि शेजारच्यांच्या मुलीचं बघूनही आले. हे साक्षीत सांगायला हवं.

काल पाळी संपवून बसस्टॉपवरूनच व्हिडिओ केला. आजोबांचं सांगितलं, हप्त्यांचं सांगितलं, पहिल्या हिवाळ्यातली बोटंही. ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासानं काकांचं उत्तर आलं, "वाऱ्याचा आवाज येतोय. नीट ऐकू येईना. परत पाठव."