मालकाचं उत्तर : ‘काम न करता तपासणीचे १,५०० रुपये घेतले’ या तक्रारीबद्दल

सर, नमस्कार. सकाळी ११ ची वेळ देऊन आमची माणसं १ वाजता पोचली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. आधीच्या साईटवर पंपाचं मेकॅनिकल सील गेलं आणि तिथून निघता आलं नाही. तरी तुम्हाला फोन जायलाच हवा होता. यापुढे तसं होणार नाही याची काळजी घेतो आहोत.

बाकी तक्रार मात्र तशीच सोडून देता येत नाही. तुम्ही लिहिलंय की पूलसाठी मिठापासून क्लोरीन बनवणारं मशीन आमच्याकडून घेतलं नाही म्हणून आम्ही बसवायला नकार दिला, नुसतं पाणी बघायचे १,५०० रुपये घेतले, मिठाबद्दल घरच्यांना घाबरवलं, आणि दुसऱ्या माणसाने तेच काम एका दिवसात करून दिलं. त्यावर एक स्टार. सांगली-मिरज भागात घरगुती पूल किती असणार? ज्यांच्याकडे आहे ते फोन करण्याआधी हेच पान उघडून बघतात. एप्रिल-मे हाच आमचा सीझन, त्यात आमच्याकडच्या पोरांचे पगार याच कामातून निघतात. म्हणून थोडं सविस्तर लिहितोय, राग मानू नका.

मशीन ऑनलाइन घेतल्याचा आम्हाला काहीच राग नाही. ग्राहकाने आणलेली मशीनं आम्ही बसवतो. आणि १,५०० रुपये तपासणी फी तुम्हाला फोनवरच सांगितली होती, काम दिलंत तर बिलातून वजा होईल हेही सांगितलं होतं. तुम्ही ‘चालेल, या’ म्हणालात तेव्हाच गाडी निघाली. त्या पैशात काय झालं ते आता सांगतो, कारण ‘नुसतं पाणी बघितलं’ हे वाचून फार वाईट वाटलं.

तुमचा पूल साधारण ६०,००० लिटरचा. लांबी, रुंदी आणि दोन्ही टोकांची खोली टेपने मोजून तो आकडा काढला, कारण मिठाचा आणि मशीनचा सगळा हिशोब त्यावरच उभा असतो. मग पाण्याच्या चाचण्या. हार्डनेसच्या, म्हणजे पाण्यातल्या चुन्याच्या, चाचणीत १० मिलीच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकत जायचं, लाल रंग पूर्ण निळा झाला की थांबायचं. दर थेंबाला २५ पीपीएम, म्हणजे लिटरला २५ मिलीग्रॅम. तुमचा मुलगा शेजारी उभा राहून मोजत होता. २६ व्या थेंबाला पाणी निळं झालं, म्हणजे कॅल्शियम हार्डनेस ६५०. पूलला २०० ते ४०० ठीक असतं. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं भरत राहिलं की हे होतंच. उन्हात पाणी उडून जातं, चुना मागे राहतो.

दुसरी चाचणी सायन्युरिक ॲसिडची, ज्याला आम्ही स्टॅबिलायझर म्हणतो, उन्हात क्लोरीन टिकवणारं. नळीच्या तळाला काळा ठिपका असतो. गढूळ झालेलं पाणी ओतत जायचं आणि ठिपका दिसेनासा झाला की आकडा वाचायचा. तुमच्या पाण्यात ठिपका इतक्या लवकर गेला की आकडा पट्टीच्या बाहेर होता, म्हणून निम्मं साधं पाणी मिसळून परत केली. ६५ आला, दुप्पट केला की १३०. हे टीसीसीएच्या, म्हणजे क्लोरीनच्या, गोळ्यांमुळे झालंय. त्या गोळ्यांतून दर १० पीपीएम क्लोरीनमागे साधारण ६ पीपीएम स्टॅबिलायझर पाण्यात येतो, आणि तो क्लोरीनसारखा उडून जात नाही. १३० वर गेला की क्लोरीन असूनही नीट काम करत नाही. मोकळं क्लोरीन २ निघालं, बांधलं गेलेलं १.२. हे दुसरं ०.५ च्या खाली हवं.

सर, मुलांचे डोळे झोंबतात म्हणून तुम्हाला मिठाचा पूल करायचा होता. डोळे झोंबतात ते या बांधल्या गेलेल्या क्लोरीनमुळे, म्हणजे घाम, तेल, लघवी यांच्याशी जोडल्या गेलेल्या क्लोरीनमुळे, आणि पीएच बिघडल्यामुळे. मिठाच्या पूलमध्येही क्लोरीनच असतं. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की मशीनच्या सेलमध्ये, म्हणजे ज्या नळीतून पाणी जातं तिच्यातल्या प्लेटांवर, क्लोरीन तयार होतं, एवढाच फरक. ‘क्लोरीनमुक्त’ म्हणून कोणी विकत असेल तर ते खरं नाही. जुनं पाणी तसंच ठेवून वर मीठ घातलं तर डोळे झोंबायचे तसेच झोंबतील. याला घाबरवणं म्हणत असाल तर आमचा नाइलाज आहे.

मिठाच्या पूलला आमचा विरोध नाही, हेही लिहून ठेवतो. ज्याचं पाणी ताब्यात आहे त्याला हा प्रकार सोयीचा पडतो. रोज थोडं थोडं ताजं क्लोरीन मिळतं, हायपोचे, म्हणजे पातळ क्लोरीनचे, कॅन आणून साठवावे लागत नाहीत, स्टॅबिलायझर वाढत जात नाही, पाणी अंगाला मऊ लागतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, यात जेमतेम ३ ते ३.५, त्यामुळे खारटपणाही फारसा जाणवत नाही. पण क्रम महत्त्वाचा. आधी निम्मं पाणी सोडायचं, बोअरचं नाही तर नदीच्या पाण्याचे टँकर आणून भरायचं. त्याने स्टॅबिलायझर १३० चा ६५ होतो, मिठाच्या पूलला तो तेवढाच लागतो. हार्डनेसही ४०० च्या आत येतो. बोअरचंच पाणी परत भरलं तर हार्डनेसचा प्रश्न जसाच्या तसा राहतो. हे सगळं झाल्यावर मीठ.

आणि मीठ किती? गोळ्या आणि हायपोमुळे तुमच्या पाण्यात आधीच ११०० पीपीएम मीठ होतं. ६०,००० लिटरला ३२०० पीपीएम म्हणजे १९२ किलो, म्हणून सरळ ५० किलोच्या चार गोण्या ओतायचा तुमचा विचार होता. तसं केलं असतं तर पाणी ४४०० च्या वर गेलं असतं. त्या आकड्याला बरीच मशीनं ‘मीठ जास्त’ दाखवून थांबतात, आणि जास्त झालेलं मीठ काढायला पाणी सोडण्याशिवाय उपाय नसतो. निम्मं पाणी बदलल्यावर तीन गोण्यांहून थोडं जास्त पुरलं असतं. मीठही शुद्ध, आयोडीन नसलेलं. जनावरांसाठीच्या खडे मिठातली माती आणि लोह पूलच्या तळाला डाग पाडतं. मीठ टाकताना सेल बंद, पंप चालू, ब्रश मारत राहायचं आणि दुसऱ्या दिवशी मोजूनच सेल सुरू करायचा.

आता मशीनबद्दल. तुम्ही आणलेलं मशीन तासाला १२ ग्रॅम क्लोरीन देणारं. ६०,००० लिटरमध्ये १ पीपीएम म्हणजे ६० ग्रॅम. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात रोज ३ पीपीएम तरी खर्च होतं, म्हणजे १८० ग्रॅम. हे मशीन ८ तासांत ९६ ग्रॅम देतं. पुरं करायला पंप १५ तास चालवावा लागेल, तुमचा पंप सध्या ८ तास चालतो. १ एचपीचा पंप जास्तीचे ७ तास म्हणजे रोज सातेक युनिट जादा. वळवाचा पाऊस येऊन लाईट गेली की पंप बंद, पंप बंद की सेल बंद. २५ ग्रॅमचं मशीन असतं तर सवासात तासांत भागलं असतं. हा हिशोब कागदावर लिहून दिला होता.

बसवायला नकार दिला तो एकाच गोष्टीला, आणि तो आजही देऊ. पंप रूममध्ये जागा कमी म्हणून सेल फिल्टरच्या आधी बसवा असं तुम्ही म्हणालात. सेल सगळ्यात शेवटी हवा, फिल्टरनंतर, पूलकडे परत जाणाऱ्या लाईनवर. क्लोरीनबरोबर सेलमध्ये हायड्रोजनही तयार होतो. पाणी वाहतं आहे तोवर तो निघून जातो. पण प्रवाह थांबला आणि अशा वेळी सेल बंद करणाऱ्या फ्लो स्विचने दगा दिला, तर तो वायू बंद फिल्टरच्या टाकीत साठतो. तुमची पंप रूम जमिनीखाली, वरून झाकलेली. त्याच खोलीत ॲसिडचा कॅन आणि हायपोचा कॅन शेजारी शेजारी होते, तेही आमच्या मुलाने वेगळे करून ठेवले. या दोन्हींचं पाणी एकत्र आलं तर विषारी वायू निघतो. अशा ठिकाणी चुकीच्या लाईनवर मशीन जोडून पैसे घेणं आम्हाला जमलं नाही.

काठाचा शहाबादी दगड सील केलेला नाही. उडालेलं पाणी त्यात मुरतं, वाळलं की मिठाचे खडे आतून फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. शिडीच्या तळाशी, जिथे पाईप खोबणीत जातो तिथे, आताच तांबूस ठिपके आहेत. ती ३०४ स्टीलची आहे, मिठात ३१६ लागते. हे दोन्ही खर्च आधी सांगणं आमचं कामच होतं.

एक गोष्ट मात्र खरंच मनाला लागली. बॅकवॉशचं, म्हणजे फिल्टर उलटा धुतल्याचं, पाणी कुठे जातं म्हणून विचारलं, तर तुम्ही ‘ते तुमचं काम नाही’ म्हणालात. तुमचा पाईप सरळ द्राक्षाच्या ओळीत सुटतो. आठवड्याला एकदा तीन मिनिटं बॅकवॉश धरला तर ५०० लिटर पाणी, म्हणजे दीड किलोच्या वर मीठ. वर्षाला ८० किलो, एकाच जागी, काळ्या रानात. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी आपण सगळ्यांनी पाहिल्यात. द्राक्षाला क्लोराईड सोसत नाही, पानांच्या कडा करपतात. हे न विचारता जो मशीन बसवून जाईल त्याचं काम एका दिवसात होणारच.

ज्यांनी बसवलं त्यांच्याबद्दल काही बोलणार नाही. पूल चालू आहे हे वाचून बरं वाटलं. तो चालू राहावा म्हणून एवढं तरी बघून घ्या. सेल कुठल्या लाईनवर आहे ते पाहा. पंप बंद केल्यावर मशीन आपोआप थांबतं का ते स्वतः करून बघा. नाही थांबलं तर त्याच दिवशी बंद करा आणि मला फोन करा, पैसे घेणार नाही. तरंगत्या डब्यातल्या उरलेल्या गोळ्या काढून टाका. पीएच दर आठवड्याला मोजा, मिठाच्या पूलमध्ये तो वर चढत राहतो. ७.८ च्या वर गेला आणि हार्डनेस ६५० च असेल तर प्लेटांवर पांढरा थर धरेल. थर दिसला तर चार भाग पाण्यात एक भाग ॲसिड घाला, ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये नव्हे, आणि काही मिनिटं सेल बुडवा. स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. टायटॅनियमवरचा लेप गेला की सेल संपला. एरवी तो तीन ते पाच वर्षं चालतो आणि नवा घ्यायचा तर मशीनच्या किमतीचा मोठा हिस्सा त्यातच जातो. अर्थिंग आणि ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. बॅकवॉशचा पाईप द्राक्षातून तेवढा काढा.

मुळात मीठ न घालताही तुमचं काम भागलं असतं. निम्मं पाणी बदलायचं, गोळ्या बंद, आणि रोज संध्याकाळी १० टक्क्यांचं ताजं हायपो पावणेदोन ते दोन लिटर. डोळे झोंबणं त्यातच थांबलं असतं. आम्ही हाच सल्ला दिला होता, यात आमचा फायदा सगळ्यात कमी होता.

फीबाबत गैरसमज नको म्हणून आता व्हिजिट ठरतानाच ती व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायची सुरुवात करतोय, वेळेचंही बघतोय. तुमच्या तपासणीचा कागद तुमच्या घरी आण्णांच्या हातात दिला होता. सापडत नसेल तर सगळे आकडे परत पाठवतो. दोन-तीन महिन्यांनी पाणी पुन्हा तपासायचं असेल तर बाटलीत अर्धा लिटर भरून दुकानात पाठवा. त्याचे पैसे लागणार नाहीत.